आधी कोण जाऊन आले?

दिवाळीची सुट्टी संपते, कपाशीची वेचणी भरात येते आणि शाळेच्या फळ्यावर सहलीची सूचना लागते. वऱ्हाडात या तिन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडतात. सूचना घरी पोचली की बाप कापसाच्या भावाशी वर्गणीचा मेळ घालतो आणि आई विचारते, रात्री किती वाजता परत येणार? एकाला पैशाची काळजी, दुसरीला लेकराची. तिथे जाऊन मुलगी काय शिकून येणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बऱ्याचदा शाळाही नाही.

वरवट बकाल हे बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले बाजाराचे गाव. शेगावकडून येणारा रस्ता इथे तेल्हारा आणि जळगाव जामोदच्या रस्त्यांना मिळतो, म्हणून चौकात दिवसभर एसटी, काळी-पिवळी, कापसाचे ट्रॅक्टर. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णा नदी. ती ओलांडून वीस-पंचवीस किलोमीटर गेले की शेगाव. राज्यभरातल्या शाळांच्या सहली शेगावला येतात, आणि इथली मुले तिथे आजीबरोबर गुरुवारी दर्शनाला जातात. सहलीसाठी मग लांबचे नाव लागते. अजिंठा, लोणार, सिंदखेडराजा, जमले तर देवगिरी आणि वेरूळ.

सुरक्षितता आणि शिकणे या दोन गोष्टी सहलीच्या नियोजनात एकमेकींच्या आड येतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. मुलांना खरे काही दाखवायचे तर जोखीम घ्यावी लागते, आणि जोखीम नको असेल तर मंदिर, बाग, जेवण करून परत यावे. अलीकडचे अपघात, सरकारी नियम आणि संग्रामपूर तालुक्याचा भूगोल शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर हा समज टिकत नाही. सहल सुरक्षित होते ती ज्या कामामुळे, शिकवणारी होते तीही त्याच कामामुळे. ते काम म्हणजे आधी कोणीतरी जाऊन नीट पाहून येणे.

पाण्याच्या काठावर

शाळा-कॉलेजांच्या सहलींवर गेल्या तीसेक वर्षांत ओढवलेले मोठे अपघात पाहिले तर त्यातले बरेचसे पाण्याकाठचे आहेत. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुले बुडाली. २००७ च्या फेब्रुवारीत केरळमधील तट्टेकाड येथे क्षमतेपेक्षा जास्त मुले घेतलेली होडी उलटली, त्यात १५ विद्यार्थी आणि ३ शिक्षक गेले. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये लारजी धरणातून अचानक पाणी सोडले गेले आणि नदीपात्रात छायाचित्रे काढत उभे असलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका मरण पावल्या. होडीची क्षमता १४ होती, बसलेले जवळपास दुप्पट आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या ४ मुली समुद्रात गेल्या.

यातल्या एकाही ठिकाणी अनपेक्षित असे काही घडले नव्हते. होडीत किती माणसे बसतात, हे होडीवाल्याला आणि काठावरच्या चहावाल्याला ठाऊक असते. धरणाखालच्या पात्रात पाणी कधी वाढते, हे जवळच्या गावातले कोणीही सांगते. मुरुडच्या किनाऱ्यावर पाणी कुठे ओढते, हे तिथल्या कोळ्यांना लहानपणापासून माहीत असते. सहलीबरोबर आलेल्या माणसांना तेवढे माहीत नसते, कारण मुलांबरोबर तेही तिथे पहिल्यांदाच आलेले असतात.

दुसरा धोका रस्त्याचा, विशेषतः रात्रीच्या रस्त्याचा. ५ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास केरळमधील वडक्कंचेरीजवळ उटीला निघालेली एका शाळेची खासगी बस एसटीसारख्या सरकारी बसवर मागून आदळली आणि ९ जण गेले. बसचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे होता. चालक आदल्या फेरीवरून नुकताच परतला होता, असे पालकांनी नंतर सांगितले. बुलडाणा जिल्ह्याला तर रात्रीच्या बसची आठवण वेगळ्याने करून द्यायला नको. १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. बस दाराच्या बाजूवर पडली, बाहेर पडण्याचा मुख्य मार्गच खाली दबला. ती सहल नव्हती. पण प्रत्येक सहलीच्या सकाळी, गाडी सुटण्याआधी, मुलांना संकटकाळचा दरवाजा कुठे आहे आणि तो कसा उघडतो हे हाताने दाखवायला हवे, हा धडा त्यातून घ्यायलाच लागतो.

संमतीपत्राने काय सुटते?

मुरुडनंतर राज्याच्या शिक्षण विभागाने सहलींवर कडक अटी घातल्या. समुद्रकिनारे, खोल पाणी, धोक्याचे उंच डोंगर टाळा. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठेवा. मुली असतील तर शिक्षिका हवीच. पालकांची लेखी संमती घ्या. कोणावरही सहलीची सक्ती करू नका. वाहन शक्यतो एसटीचे वापरा. रात्रीचा प्रवास नको. मुख्याध्यापकाने हमीपत्र द्यायचे आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. शिक्षकांच्या संघटनांनी त्यावर तक्रार केली की सगळा भार एका माणसाच्या सहीवर टाकला आहे. ती तक्रार खोटी नव्हती. अनेक शाळांनी सहलच बंद करून प्रश्न सोडवला.

ज्या शाळा सहल काढतात त्यांच्या फायलीत संमतीपत्रांचा गठ्ठा असतो आणि त्यावर 'काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' असे वाक्य असते. या वाक्यावर फार विसंबू नये. पठाणकोटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. शिक्षकांचा निष्काळजीपणा हा त्यांच्या नोकरीच्या कामातला निष्काळजीपणा होता, म्हणून संस्थेलाही त्याची जबाबदारी टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आईबापाने सही केली ती मुलाला पाठवायला. काळजी घेण्याचे शाळेचे कर्तव्य त्या सहीने संपत नाही. चांगले संमतीपत्र उलट पालकाला माहिती देते: कुठे जाणार, कोणत्या गाडीने, कोणते सर-मॅडम बरोबर, किती वाजता परत, फोन कोणाला करायचा. आणि पालकाकडून माहिती घेते: दमा, फिट्स, ॲलर्जी, रोजची गोळी, गाडी लागते का. ही माहिती बरोबर जाणाऱ्या शिक्षकांपुरतीच राहिली पाहिजे. वर्गात मोठ्याने वाचायची ती गोष्ट नाही.

घड्याळ आणि नकाशा

आता नेहमीच्या यादीतले एक नाव घेऊन हिशेब करू. लोणार. बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, २०२० पासून रामसर स्थळ, त्याच वर्षी जूनमध्ये गुलाबी झालेल्या पाण्यामुळे जगभर गाजलेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवले. मुलांनी आयुष्यात एकदा तरी पाहावे असे हे ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे.

वरवट बकालहून शेगाव, खामगाव, मेहकर करत एसटीने एका बाजूला साडेतीन-चार तास धरावे लागतात. सकाळी सहाला निघाले तर दहाला पोचणार. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधाराआधी परतायचे तर दुपारी दोनला लोणार सोडायला हवे. हातात राहतात चार तास. त्यात जेवण, विवराच्या काठावर थांबणे, सावकाश उतरणे आणि चढणे, दैत्यसूदन मंदिर. नीट पाहायचे तर चार तास पुरतात, पण एका ठिकाणापुरतेच. सूचनेत मात्र 'लोणार-सिंदखेडराजा' अशी जोडी असते. ती जोडी लावली की घराचा रस्ता रात्री नऊ-दहाचा होतो. शिवाय १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेडराजाला गर्दीचा महापूर असतो. नेमकी तीच तारीख घेतली तर लखुजी जाधवांचा वाडा मुलांना माणसांच्या पाठींमधून दिसेल.

दोन ठिकाणांतले एक खोडले की सहल लगेच सुधारते. मुलांना लोणारला एकच कोडे द्यावे: वर काठावरच्या धारेचे पाणी गोड आणि खालचे सरोवर इतके खारट, अल्कधर्मी, असे कसे? उत्तर शोधायला डोळे लागतात, वही लागते आणि शिक्षकाला आधी तिथे जाऊन वनविभागाशी बोललेले असावे लागते. कारण ते अभयारण्य आहे. तिथून पाणी, दगड काहीही उचलून आणायचे नाही आणि पाण्याच्या काठाला कुठवर जायचे याचीही मर्यादा आहे. ती मर्यादा विवर उतरण्याआधी कळली तर ती सहलीचा भाग बनते. ऐनवेळी कळली तर आरडाओरडा होतो.

एसटीच्या नैमित्तिक करारावर शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी आगारात वेळेवर अर्ज हवा, कारण डिसेंबर-जानेवारीत राज्यभरच्या शाळा गाड्या मागत असतात. खासगी गाडी घ्यायचीच वेळ आली तर परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा ही कागदपत्रे आधी पाहावीत आणि चालक आदल्या रात्री कुठे होता हेही विचारावे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली आहे. सहलीच्या वेळापत्रकात मुलांच्या जेवणाबरोबर चालकाचे जेवण आणि झोप लिहिलेली असावी.

सातपुड्यापासून पूर्णेपर्यंत

दहावीच्या भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा 'क्षेत्रभेट' हा आहे. त्यातली मुले नळदुर्गहून अलिबागला जातात. वाटेत जमीन, पिके, पाऊस, वस्त्या कशा बदलत जातात ते टिपतात, तज्ज्ञांना प्रश्न विचारतात. त्या धड्याची खरी ताकद समुद्रात नाही. ती वाटेतल्या बदलात आहे. असा बदल पाहायला वरवट बकालच्या मुलांना महाराष्ट्र ओलांडावा लागत नाही. उत्तर-दक्षिण एका दिवसात, उजेडातच, पूर्ण होणारी एक वाट त्यांच्या तालुक्यातून जाते.

सुरुवात सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरचे जंगल म्हणजे अंबाबरवा अभयारण्य, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे, १९९७ साली घोषित झालेले आणि आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेले. चाळीस-पन्नास मुलांची बस जंगलात नेण्याचा हट्ट धरू नये. वाघ दिसला तर नशीब आणि न दिसला तर सहल फुकट, असा हिशेब मुलांच्या डोक्यात बसतो. त्यापेक्षा पायथ्याशी वनरक्षकाशी तासभर बोलणे जास्त देते: पाणवठे कसे राखतात, वणवा कसा आवरतात, आतल्या गावांचे पुनर्वसन कसे झाले. या पायथ्याच्या वस्त्यांत कोरकू, भिलाला, निहाल कुटुंबे राहतात. त्यांच्या घरात डोकावायला सहल नेऊ नये. वर्गातच तिथली मुले असतील तर त्या दिवशी वाट दाखवण्याचे, झाडांची नावे सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालतो.

पायथ्याला जमीन गोटे-वाळूची आहे. सातपुड्यावरून ओढ्यांनी आणलेला हा भरड गाळ पावसाचे पाणी भराभर पोटात घेतो. म्हणून या भागात विहिरींना गोड पाणी आहे आणि संत्र्याच्या बागा आहेत. तिथून दक्षिणेला उतरत जावे तशी माती बारीक, काळी आणि खोल होत जाते. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना शेकडो फूट जाडीचा गाळ साचला आहे आणि त्यातले भूजल खारे आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाण पट्टा. त्यात आठ-नऊशे गावे येतात. विहीर खणली तरी ते पाणी पिकाला चालत नाही आणि पिण्याला तर नाहीच. त्यामुळे इकडे कपाशी, तूर, हरभरा, पावसावरची शेती. बसच्या खिडकीत बसलेल्या मुलांना एवढेच सांगायचे: दर पाच किलोमीटरला दोन्ही बाजूंचे पीक वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत तालुक्याचा पीकनकाशा तयार होतो आणि तो का तसा आहे हा प्रश्नही.

प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. काही शे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो. आरओ बसवणारा माणूस खिशात घेऊन फिरतो तोच. पाण्यात विरघळलेले क्षार तो मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये दाखवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ५०० ची मर्यादा सांगितली आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. सोनाळ्याचा हातपंप, वरवटचा नळ, शाळेतला माठ, पूर्णेजवळच्या गावातली विहीर असे चार आकडे मुलांनी स्वतः वाचून फळ्यावर मांडले की धडा पूर्ण होतो. यासाठी एकाही मुलाला नदीपात्रात उतरवण्याची गरज नाही. हातपंप, नळ आणि शिक्षकाने आदल्या दिवशी भरून आणलेल्या, चिठ्ठी लावलेल्या बाटल्या पुरतात. सुरक्षित सहल आणि शिकवणारी सहल इथे एकच होते, कारण शिक्षक आधी जाऊन आलेला असतो आणि कोणत्या पाण्यासाठी काठावर जायची गरज नाही हे त्याला माहीत असते.

वाटेतला आणखी एक थांबा म्हणजे वारी गावाच्या बाजूचे वान धरण, म्हणजे हनुमान सागर. सातपुड्यात अडवलेले हे पाणी खाऱ्या भागातल्या गावांपर्यंत नळाने जाते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच धरणावर आहे. त्या पाण्यावर शेतीचाही हक्क आहे, आणि पाणी पिण्याला लांबच्या तालुक्यांत न्यायचे की इथल्या पिकाला द्यायचे यावर तेल्हारा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आंदोलने केली आहेत. नववी-दहावीच्या मुलांना हा वाद समजतो. त्यांच्या घरात तो रोज चालतो. पण वारीचा परिसर देवस्थानाचा आणि डोहांचा आहे, तिथे बुडण्याच्या बातम्या तालुक्याने वाचल्या आहेत. पाहणीत शिक्षकाने एकच जागा ठरवावी, जिथून धरण आणि कालवा दिसतो आणि पाणी हाताला लागत नाही. मुले तिथे थांबतील, वही उघडतील आणि गाडीत बसतील. डोहाकडे जाणारी वाट त्या दिवशी सहलीच्या नकाशावर नसेल.

तारीखही पाहणीतच ठरते. २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत नद्यांनी शेते खरवडून नेली, जनावरे वाहून गेली. वर पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असू शकते. म्हणून पावसाळ्यात डोंगरपायथ्याच्या नदी-नाल्यांकडे सहल नको. नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ योग्य, आणि त्यातही वेचणीचा जोर ओसरलेला आठवडा, म्हणजे मजुरीला जाणारी मुलेही येऊ शकतील.

पाहणीची वही

पाहणी म्हणजे देवदर्शन उरकून यावे तशी चक्कर नव्हे. आठवड्याच्या ज्या दिवशी, ज्या वेळी मुले जाणार त्याच दिवशी, त्याच वेळी दोन शिक्षकांनी, त्यातल्या एका मॅडमनी, जावे. रस्ता कुठे खोदला आहे, पुलाला कठडा आहे का, बस कुठे वळेल आणि मुले रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरतील हे पाहावे. फोनला रेंज कुठपर्यंत आहे हे लिहून ठेवावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक रेंज नसलेल्या दरीत कामाचे नाहीत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती मिनिटांवर आहे आणि तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे फोनवर नव्हे, जाऊन विचारावे. झाडांवर, कडेकपारीत आग्या मोहोळ लटकते आहे का ते वर मान करून पाहावे. अकोटजवळच्या नरनाळ्यासारख्या किल्ल्यावर किंवा अजिंठ्याला जायचे असेल तर हे आणखी महत्त्वाचे. तिथे धूर, दगड आणि अंगावरचे तीव्र वासाचे स्प्रे या तिन्हींना मनाई करावी लागते.

आणि शौचालय. मुलींच्या सहली यावरच अडतात. शौचालय आहे का, एवढे विचारून भागत नाही. किती आहेत, पाणी आहे का, आतली कडी लागते का, उजेड आहे का, कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हे मॅडमनी आत जाऊन पाहावे. शौचालय नाही म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारी चक्कर येऊन पडतात आणि शाळेच्या नोंदीत 'उन्हामुळे त्रास' असे लिहिले जाते. पाळी सुरू झाली तर लागणारे पॅड मॅडमच्या पिशवीत असावे आणि ते मागायला लाज वाटू नये म्हणून आदल्या दिवशीच मुलींना वेगळे बसवून सांगावे.

त्या दिवशी

मुलांची मोजणी गाडी हलण्याआधी होते, हलल्यावर नाही. दहा-दहांचा गट, प्रत्येक गटाला एक सर किंवा मॅडम आणि गटात दोघादोघांच्या जोड्या. जोडीदार दिसला नाही तर लगेच सांगायचे, एवढी एकच जबाबदारी प्रत्येक मुलावर. नावांच्या यादीच्या तीन प्रती: एक गाडीत, एक गटप्रमुखाकडे, एक शाळेत थांबलेल्या माणसाकडे. शाळेत एक माणूस दिवसभर फोनजवळ थांबलाच पाहिजे. मुलांच्या खिशात शाळेचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, पण छातीवर नावाचे मोठे फलक लावू नयेत. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल त्याच्यामागे जाते.

डबा घरचा आणि दुपारी एकच्या आत संपवायचा. सकाळी पाचला बांधलेली भाजी डब्यात दिवसभर तापत राहिली की संध्याकाळी पोटदुखी सुरू होते. पोळी-चटणी, ठेपले, भाजलेले शेंगदाणे, केळी हे सगळ्यात बरे. बसच्या मधल्या वाटेत दप्तरे नकोत. गाडी लागणारी मुले पुढच्या बाकांवर.

परतीची वेळ वरवटच्या मुलांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. शाळेत आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले एसटीच्या पासवर येतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना तर मोफत पास आहे. सहल रात्री आठला चौकात उतरली की त्यांच्या गावची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर तिघे, अंधारात. सहलीच्या बसमधून मूल सुखरूप उतरले म्हणून शाळेचे काम संपत नाही. ते घरात पोचल्याचा निरोप आला की संपते. म्हणून परतीची वेळ शेवटच्या गाडीच्या आधीची.

मागे राहणारी मुले

प्रत्येक वर्गात काही मुले सहलीला येत नाहीत. कारण विचारले तर 'ताप होता' सांगतात. खरे कारण बहुतेकदा वर्गणी असते. मोठ्या सहलीची वर्गणी शेतमजुराच्या घराला अनेक दिवसांची मजुरी आहे, आणि शिक्षण विभाग सक्ती करू नका म्हणतो तेव्हा ही मुले सक्तीतून सुटतात आणि सहलीतूनही. तालुक्याच्या आसपासची, एका दिवसाची सहल स्वस्त असते. एसटीची सवलत, घरचा डबा, प्रवेशशुल्क नाही. ती सगळ्या वर्गाला परवडते किंवा ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी, व्यापारी तेवढी रक्कम सहज उचलतात. अर्धा वर्ग घरी राहिला तर दुसऱ्या दिवशी त्या सहलीवर धडा घेता येत नाही, कारण अर्ध्या मुलांनी ती पाहिलेलीच नसते.

शाळेने मुलांना बाहेर नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सांगितले, राज्याने २०२४ पासून आनंददायी शनिवार सुरू केला. म्हणजे सहल वर्षातून एकदाच, तीही लांबच काढावी, असे आता कोणताच नियम म्हणत नाही. चार लहान क्षेत्रभेटी आणि दोन वर्षांतून एक मोठी सहल, असे वेळापत्रक शाळेला मांडता येते.

आकडे कोणासमोर मांडायचे?

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. पूर्णेच्या पलीकडची, पण याच खारपाण पट्ट्यातली ही गावे. पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्याचे नमुने तपासले, आयसीएमआरची पथके आली, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या महिन्यात घराघरांत पाणी, क्षार, नायट्रेट हे शब्द बोलले जात होते आणि बोलणाऱ्या बहुतेकांना त्यांचा अर्थ नीट ठाऊक नव्हता. वर्षभर आधी ज्या वर्गाने चार ठिकाणचे पाणी मोजले असते, त्या वर्गातल्या मुलांना घरी आजी-आजोबांना काही सांगता आले असते.

त्याच वेळी मोजण्याची मर्यादाही शिकवायला हवी. टीडीएस मीटर क्षार सांगतो. नायट्रेट, फ्लोराईड किंवा जंतू सांगत नाही. त्यासाठी जल जीवन मिशनखाली गावांना तपासणी किट दिली आहेत, गावातल्या महिलांना ती वापरायला शिकवले आहे आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. त्या महिलांना एका शनिवारी शाळेत बोलवावे. मुलांच्या चार आकड्यांच्या शेजारी त्यांचे आकडे लिहावेत. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनीच तो तक्ता वाचावा. सहलीचा निबंध वहीत राहतो. तक्ता ग्रामसभेत गेला की सरपंचांना उत्तर द्यावे लागते.

मग जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या परवानगीच्या अर्जात आणखी अटी वाढवण्याऐवजी दोन रकाने वाढवावेत. पहिला: हे ठिकाण शाळेच्या कोणत्या शिक्षकांनी, कोणत्या तारखेला प्रत्यक्ष पाहिले? दुसरा: मुले तिथून कोणता प्रश्न घेऊन परत येणार? पहिला रकाना कोरा असेल तर परवानगी देऊ नये. दुसरा कोरा असेल तर सहलीऐवजी त्या दिवशी शाळा भरवावी. आणि हे दोन्ही रकाने नीट भरलेले असतील, तर पुढच्या हमीपत्राच्या कागदावर मुख्याध्यापकांनी न घाबरता सही करावी. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असेल: संध्याकाळी साडेपाचला, तुमच्या गावच्या शेवटच्या गाडीआधी.